डाव्या पायाची पट्टी

३० नोव्हेंबर, शनिवार

माझे वरिष्ठ मिस्टर क्रिडल म्हणाले होते की अहवालात न बसणाऱ्या गोष्टींसाठी वेगळी वही ठेव, नाहीतर त्या अहवालात घुसतात. ही ती वही. सप्टेंबरपासून कोरी होती.

आज अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला बारावा आणि शेवटचा सामना. जिंकलो, २४-१७. सामन्यानंतर सत्तावीस घोट्यांना आधारासाठी बांधलेल्या चिकटपट्ट्या कापल्या. एझ्रा टॉलिव्हरची डावी पट्टी टाचेपाशी चिकटून बसली होती, कात्री दोनदा घालावी लागली, पण निघाली ती अख्खी, बुटाच्या आकाराची. ठेवायची का, असं मी विचारलं. आमच्याकडे कॉलेजमधला शेवटचा सामना खेळलेला मुलगा आपली कापलेली पट्टी घरी नेतो. मिस्टर क्रिडल तिच्यावर जाड पेनाने तारीख घालून देतात. एझ्रा म्हणाला, "अजून एक सामना मिळणार आहे, मिस के. टाका."

मी टाकली.

एझ्रा म्हणजे आमच्या संघाचा चेंडू बगलेत मारून पळणारा. कॉलेजचं चौथं वर्ष, या हंगामात १,३१२ यार्ड. एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ मुलं निवडतील तेव्हा तो दुसऱ्या फेरीत जाईल असं सगळे धरून चालले आहेत. माझ्या कागदावर तो २.९ टक्के आहे. दर आठवड्याला मी मुलांना दोन फळ्यांवर उभं करते, एका पायाखाली एक, आणि उडी मारायला सांगते. कुठल्या पायाने किती जोर लावला ते पडद्यावर उमटतं. दोन पायांतला फरक वर्षभर ज्याचा चारच्या आत राहिला असा संघात तो एकटा.

८ डिसेंबर, रविवार

दुपारी जाहीर झालं. आम्हाला पेकन बाउल या वर्षअखेरच्या जादा सामन्याचं निमंत्रण मिळालं. २८ डिसेंबर, मोबील शहर, सकाळी अकरा. अकराची वेळ दुसऱ्या कुणाला नको असते. भेट म्हणून प्रत्येक खेळाडूला एक घड्याळ आणि डबाबंद पेकन पाय, हा सुकामेवा घातलेला गोड पदार्थ. मुलं टेबलांवर चढून नाचली. या सामन्याने क्रमवारीत काहीही बदलत नाही. वर्षअखेरीस एकदा जेवायला बोलावल्यासारखा हा सामना असतो. तरी नाचली.

मधल्या फळीतला वेन्डेल स्ट्राउड सगळ्यात जास्त नाचला. सव्वासहा फूट, तीनशे दहा पौंड. त्याला पुढे कोणी निवडणार नाही, जानेवारीपासून तो काकाच्या हाताखाली छपरं घालणार आहे. चार वर्षं त्याने समोरच्याला ढकलून वाट काढली आणि त्या वाटेने एझ्रा पळाला.

एझ्रा नाचला नाही. संध्याकाळी बर्फाच्या टबात बसून त्याने मला विचारलं, "मिस के, तुमच्या फळीवर किती आकडा आला की मुलगा घरी बसतो?"

मी सांगितलं, दहा टक्के. दहाच्या वर सलग तीनदा आला तर मी त्याच्या नावापुढे 'बाहेर' लिहिते.

"कोच काही बोलत नाहीत?"

"आकड्याशी काय बोलणार?"

तो हसला. "म्हणूनच सगळे तुम्हाला फूटपट्टी म्हणतात."

हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं नाही. फूटपट्टी चुकत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

एझ्रा टॉलिव्हर, डावा पाय, तूट १०.४ टक्के.

तीन उड्या घेतल्या, तिन्ही तशाच. गुडघा, घोटा, मांडी तपासली. सूज नाही, उष्णता नाही, दाबल्यावर दुखत नाही. दुखतंय का म्हणून विचारलं तर म्हणाला, "दुखत असं नाही. ते तुम्ही बघा." नऊ दिवस विश्रांती झाल्यावर तूट वाढायचं कारण दिसत नाही.

११ डिसेंबर, बुधवार

सकाळी दोन्ही फळ्या पुसून, वीस किलोचं वजन ठेवून तपासल्या. बरोबर आहेत. तारा बदलल्या. पातळी लावून पाहिली, जमीन सपाट आहे. फळ्यांची अदलाबदल केली म्हणजे दोष फळीचा असेल तर तो उजव्या पायाला दिसेल.

१२ डिसेंबर, गुरुवार

१०.६. डावाच पाय.

म्हणजे दोष फळीत नाही, पायात आहे. यंत्र चुकेल, माणूस चुकेल, शरीर खोटं बोलत नाही. पोटरीत खोल कुठेतरी काही फाटलेलं असणार, मला सापडत नाही एवढंच. परत येऊन त्याचे हंगामभराचे आकडे काढले. ऑगस्टपासून एकदाही चारच्या वर नाही. हे मी दोनदा तपासलं. मग घरी आल्यावर आणखी एकदा.

उडी मारताना तो समोर पडद्याकडे बघतो. बहुतेक मुलं डोळे मिटतात. लक्ष देऊन काम करणारा मुलगा आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

कोच रॅडिगननी बोलावलं. दार लावून घेतलं. गेल्या वर्षी चार मुलांनी शेवटचा सामना सोडला, पुढच्या लीगसाठी पाय जपायचे म्हणून. चौघांनी एजंटकडून निरोप धाडला होता. या वर्षी कोचनी नियम केलाय: ज्याला जायचंय त्याने संघासमोर उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. चिठ्ठी नाही, फोन नाही. मुलं त्याला 'उभं राहणं' म्हणतात. अजून एकही उभा राहिलेला नाही.

कोचना एझ्राच्या आकड्यांबद्दल कळलंय. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या पोराला घरी बसायची पट्टी कुणी पढवली, किम्ब्रो? एजंटनं की तू?"

मी म्हणाले की मी पट्ट्या बांधते, पढवत नाही. त्यांना हसू आलं नाही. माझाही विनोद करायचा हेतू नव्हता.

ते म्हणाले, "दुखावलाय तर 'बाहेर' लिही, मी तोंड उघडणार नाही. पण धडधाकट असेल तर त्याला माझ्यासमोरून चालत जावं लागेल."

मी म्हणाले, उद्या तिसरी चाचणी आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

१०.५.

मिस्टर क्रिडल दारात उभे होते. एकसष्ट वर्षांचे, तेहतीस वर्षं याच खोलीत घोटे बांधतायत. यंत्राकडे ते कधी बघत नाहीत. एझ्रा गेल्यावर त्यांनी मला तिन्ही आकडे वाचायला सांगितले. मी वाचले. दशांश चार, दशांश सहा, दशांश पाच.

"एवढं नेमकं कोणाचं दुखतं गं?" ते म्हणाले.

मी म्हणाले, नेमकेपणा ही चाचणीची जमेची बाजू आहे.

"सोमवारी तो टीव्ही भिंतीकडे फिरव. आणि मग त्याला उडी मारायला सांग."

मी खोली आवरली आणि 'बाहेर' अजून लिहिलं नाही. तीन आकडे झाले असताना न लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

१६ डिसेंबर, सोमवार

पडदा भिंतीकडे फिरवला. एझ्रा आत आला आणि जागच्या जागी थांबला.

"मोडला का?"

"नाही. चढ फळीवर."

तीन उड्या, आकडे मी पडद्यामागे जाऊन वाचले: ३.१, २.७, ३.०. मी आणखी तीन घेतल्या. ३.२, २.८, २.९. मग मी खुर्चीत बसले. तो फळीवरच उभा राहिला.

"तुम्हीच म्हणाला होतात दहा," तो शेवटी म्हणाला.

हे खरं आहे. मीच म्हणाले होते.

त्याने सगळं सांगितलं, फारसं न अडखळता. त्याला हा सामना खेळायचा नाही. आमच्याकडून खेळताना तिघांचे गुडघे गेले ते त्याने पाहिलेत, त्यातला एक आता गोदामात खोकी उचलतो. त्याचे वडील चर्चचे डेकन, तिथले मानाचे कारभारी, आहेत, शाळेची बस चालवतात, आणि टॉलिव्हर माणूस हातातलं काम टाकून जात नाही हे वाक्य त्यांच्या घरात जेवणाआधीच्या प्रार्थनेइतकं नेमाने म्हटलं जातं. आणि वेन्डेल आहे. वेन्डेलच्या आयुष्यातला हा शेवटचा सामना आहे.

मी म्हणाले, मग कोचना सांग आणि मोकळा हो.

"सांगायला उभं राहावं लागतं, मिस के. तुम्ही एक शब्द लिहिलात तर मला नुसतं बसून राहता येईल."

तेव्हा मी त्याला विचारलं की हा शब्द पुढे कुठे जातो ते त्याला माहीत आहे का. माहीत नव्हतं. फेब्रुवारीत त्याची फाईल बत्तीस संघांच्या डॉक्टरांपुढे जाईल. डाव्या पायात दहा टक्के तूट, कारण सापडलं नाही. सापडलेल्या दुखण्यावर डॉक्टर उपाय लिहितात. न सापडलेल्या दुखण्यावर ते मुलाचं नाव खाली ढकलतात. ज्या पायासाठी त्याने हे केलं तोच पाय त्याने कागदावर मोडून ठेवला होता.

तो फळीवर खाली बसला. भिंतीकडे तोंड केलेल्या पडद्यावर त्याचं वजन उमटलं असणार. बसल्यावरही ते तेवढंच भरतं, २१७ पौंड.

"पुसून टाका ना," तो म्हणाला.

पुसता येत नाही. एकदा नोंद झाली की झाली. फक्त रद्द करता येते, आणि रद्द करण्याचं कारण लिहावं लागतं, खाली सही करून.

१७ डिसेंबर, मंगळवार

कारण काय लिहायचं.

खेळाडूने पूर्ण जोर लावला नाही, हे खरं आहे. पण ते वाचणारा बत्तिसातला कुठलाही डॉक्टर पुढचं पान उलटणार नाही. खोटारड्या मुलापेक्षा लंगडा मुलगा त्यांना चालतो.

यंत्रात बिघाड, हे खोटं आहे. यंत्र मी स्वतः तपासलंय, तपासल्याची नोंद आहे.

तीन तास गेले. शेवटी हे लिहिलं: 'दि. १०, १२ व १४ डिसेंबरच्या चाचण्या रद्द. चाचणीच्या वेळी पडदा खेळाडूला दिसत होता. मांडणी सदोष. मांडणीची जबाबदारी चाचणी घेणारीची. ले. किम्ब्रो.' खाली १६ तारखेचे सहा आकडे.

यात एक शब्दही खोटा नाही. दोनदा वाचून पाहिलं. पडदा दिसत होता आणि तो मीच ठेवला होता.

मिस्टर क्रिडलनी वाचून एवढंच म्हटलं की या खोलीत आजवर कोणी चूक स्वतःच्या नावावर लिहून घेतली नव्हती. ती माझीच होती, त्यामुळे लिहून घेण्याचा प्रश्न येत नाही.

माझ्या डाव्या गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत. मी अडथळ्यांच्या शर्यती पळायचे. शेवटची शर्यत मोजणीत धरली जाणार नव्हती, पण सगळ्या जाणार होत्या म्हणून मीही गेले. पाचवा अडथळा. त्याचा इथे संबंध नाही.

१८ डिसेंबर, बुधवार

सकाळची बैठक. मी मागच्या भिंतीशी होते, पट्ट्यांच्या वेळा सांगायला जावंच लागतं.

कोचनी कोणाला काही सांगायचंय का असं विचारलं. ते हे रोज विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. आज एझ्रा उभा राहिला. खुर्ची मागे सरकली तिचा आवाज झाला.

तो म्हणाला, "मी मोबीलला खेळणार नाही. माझा पाय ठीक आहे. मला तो ठीक ठेवायचाय."

एवढंच. पुढच्या रांगेतला वेन्डेल उठला, वही उचलली आणि बाहेर गेला. दार आपटलं नाही. तीनशे दहा पौंडांच्या माणसाने दार इतकं हळू लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "स्वतःचा पाय वाचवलास ना? मग तुझा पेकन पाय माझा."

हशा झाला. एझ्राही थोडा हसला. कोच म्हणाले, "बस खाली." आणि एझ्राच्या जागी पळणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाच्या चाली फळ्यावर काढायला लागले.

माझ्या रोजच्या कागदावर तीनच शब्द छापलेले आहेत: उपलब्ध, शंकास्पद, बाहेर. एझ्राला यातला एकही लागू होत नाही. मिस्टर क्रिडल म्हणाले, रिकामं ठेव. रिकामा रकाना मला आवडत नाही. ठेवला.

२० डिसेंबर, शुक्रवार

दुपारी एक उंच गृहस्थ दारात आले, बस चालकाचं जाकीट, हातात टोपी. एझ्राचे वडील, अल्व्हिन टॉलिव्हर. तीन तास गाडी चालवून आले होते आणि मुलाला भेटायच्या आधी माझ्याकडे आले होते. त्यांना बातमी गावच्या रेडिओवरून कळली. मुलाने फोन केलेला नाही. रेडिओने नुसतं 'खेळणार नाही' एवढंच सांगितलं.

ते उभेच राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, एकच विचारतो. त्याचा पाय दुखावलाय का?"

मी म्हणाले, "मला सांगता येत नाही." कायदा आहे. सज्ञान खेळाडूच्या तब्येतीबद्दल त्याच्या परवानगीशिवाय आई-वडिलांनाही काही सांगायचं नाही, होही नाही आणि नाहीही नाही. रोज चार जणांना मी हे वाक्य ऐकवते.

त्यांनी हातातली टोपी फिरवली.

"म्हणजे दुखावलाय."

"म्हणजे मला सांगता येत नाही, सर."

"तीस वर्षं पोरांची बस चालवतोय मी. मागच्या बाकावरून 'मला सांगता येत नाही' आलं की काय झालंय ते मला आरशात न बघता कळतं." त्यांनी टोपी घातली. त्यांचे खांदे आले तेव्हापेक्षा सैल झाले होते. "देवाची कृपा. मला वाटलं होतं, पोरगा काम टाकून निघाला."

मी काहीच बोलले नाही. नियमाप्रमाणे वागले. ते हात मिळवून गेले, आणि मी दिवसभर दुसऱ्या कामात दोन चुका केल्या.

२३ डिसेंबर, सोमवार

एझ्रा आला तेव्हा मी पेट्या भरत होते. पप्पा शुक्रवारी मला भेटले, पायाबद्दल काही विचारलं नाही, आणि रविवारी चर्चमध्ये उठून सांगून बसलेत, तो म्हणाला. माझ्या मुलाचा पाय दुखावलाय, त्याच्यासाठी प्रार्थना करा. अडीचशे माणसांनी डोळे मिटून प्रार्थना केली. त्यातल्या एकाचा भाऊ गावच्या वर्तमानपत्रात आहे. आज सकाळी एजंटचा फोन आला की हे पायाचं काय नवीन.

"तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"मी काहीच सांगितलं नाही."

"तेच तर."

मी पट्ट्यांच्या गुंडाळ्या मोजत राहिले. मग म्हणाले की फाईल स्वच्छ आहे, एजंटला ती दाखव, वर्तमानपत्र कोणी डॉक्टर वाचत नाही. राहता राहिले त्याचे वडील, तर त्यांना मला सांगता येत नाही, त्याला येतं.

तो टेबलाच्या कडेला टेकला. "संघासमोर उभा राहिलो ना, ते सोपं होतं. शंभर माणसं होती."

"मग?"

"पप्पा एकटे आहेत."

त्याला मी एक पेटी उचलायला लावली, जड होती. उजव्या हाताने उचलली, गुडघे नीट वाकवून. पाय उत्तम आहे.

२५ डिसेंबर, बुधवार

सुट्टी. आईकडे. कोणी काही विचारलं नाही.

२८ डिसेंबर, शनिवार. मोबील

हरलो, २०-२३. शेवटच्या मिनिटात त्यांनी गोल मारला.

दुसऱ्या वर्षाच्या मुलाने चौऱ्याऐंशी यार्ड काढले आणि धडधाकट परत आला. मी त्याला चार वेळा तपासलं. चौथ्यांदा तो म्हणाला की मॅडम, मी मेलेलो नाही.

एझ्रा संघाबरोबर आला होता. साधी पँट, संघाचं जाकीट. सकाळी त्याने मला काही न विचारता पाण्याच्या बाटल्यांचा पिंजरा उचलला आणि चारही सत्रं मैदानाच्या कडेने पळत पाणी पाजत राहिला. हे काम पहिल्या वर्षाची मुलं करतात. दोन्ही पाय सारखे टाकत होता. मोजलं नाही, नुसतं दिसत होतं.

मध्यंतरात त्याने स्टँडकडे बोट केलं. सव्विसाव्या रांगेत बस चालकाचं जाकीट.

"सांगितलंस?"

"परवा. स्वयंपाकघरात. ते बसले होते, मी उभा होतो."

"काय म्हणाले?"

"काही नाही. भांडी घासायला लागले. आमच्याकडे भांडी ते घासत नाहीत." त्याने बाटल्या भरून घेतल्या. "रात्री म्हणाले, आता चर्चमध्ये पुन्हा उठून सांगावं लागेल, अडीचशे लोकांची प्रार्थना फुकट गेली. मग म्हणाले, फुकट कशी, पाय बरा आहे की. आज येणार नाहीत असं वाटलं होतं. सकाळी फोन केला तर म्हणाले, तिकीट आधीच काढलेलं."

सामना संपल्यावर आम्ही खोलीत आलो. शेवटचा सामना खेळलेले अकरा जण ओळीने टेबलांवर बसले. मिस्टर क्रिडल आणि मी कापत गेलो. वेन्डेल माझ्याकडे आला. दोन्ही घोटे जाड, पट्टी घामाने भिजून दगडासारखी. ती अख्खी निघावी म्हणून मी सावकाश कापली. मिस्टर क्रिडलनी तिच्यावर तारीख घातली, त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

एझ्रा दाराशी रिकामा पिंजरा घेऊन उभा होता. दहा दिवसांत वेन्डेल त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. आता जाताना त्याच्यापाशी थांबला.

"पाणी घेऊन पळालास तेवढा चेंडू घेऊन पळाला असतास तर जिंकलो असतो, गाढवा."

"तू वाट मोकळी केली असतीस तर," एझ्रा म्हणाला.

वेन्डेलने त्याच्या डोक्यावर टपली मारली, चांगली जोरात, आणि काखेतला पेकन पायचा डबा त्याच्या पिंजऱ्यात टाकून गेला.

खोली रिकामी झाली. बस वीस मिनिटांनी होती. मी उरलेल्या गुंडाळ्या मोजून पेटीत ठेवत होते. एझ्रा पिंजरा खाली ठेवून टेबलावर बसला. काही मागितलं नाही. नुसता डावा बूट काढला, मग मोजा, आणि पाय टेबलाच्या कडेवर ठेवला, घोटा नव्वद अंशात, जसा मी वर्षभर ठेवायला सांगते तसा.

जो खेळत नाही त्याला पट्टी बांधायची नसते. पायाला काही झालेलं नाही, तेव्हा वैद्यकीय कारणही नव्हतं. मी एक गुंडाळी फोडली.

आतला पातळ थर, मग तीन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या, टाचेभोवती दोन वेढे, एक आतून, एक बाहेरून. नेहमी मला दोन मिनिटं दहा सेकंद लागतात. आज जास्त लागली. सुरकुती पडली तिथे मी उसवून पुन्हा लावली. तो बघत होता. मग कात्री घेतली आणि घोट्याच्या आतल्या बाजूने, हाडाच्या मागून, खालपर्यंत एका दमात कापली. अख्खी निघाली. कोरडी होती आणि हलकी, आत कधी पाय नव्हताच अशी.

मिस्टर क्रिडल बसकडे गेले होते. जाड पेन टेबलावर ठेवून गेले होते, एरवी ते पेन कधी विसरत नाहीत.

आजची तारीख घालता येत नव्हती, तो आज खेळला नाही. मी ३० नोव्हेंबर लिहिलं आणि पट्टी त्याच्या हातात दिली.

त्याने वाचलं. मग माझ्याकडे बघून हसला, फूटपट्टी म्हणाला होता तेव्हासारखा.

"ही त्या दिवसाची नाहीये, मिस के. त्या दिवसाची तुम्ही टाकली होती."

"पाय तोच आहे," मी म्हणाले.

बसमध्ये रोजचा कागद भरला. एझ्रा टॉलिव्हरचा रकाना दहा दिवस रिकामा होता. छापलेले तिन्ही शब्द सोडून तिथे हाताने लिहिलं: ठीक.